फ्रँक कॉलिमोर आणि ‘बिम’: एका संपादकाच्या विखुरलेल्या वारशाचा इतिहास

कवीचा वारसा जतन करण्याच्या वाटा बहुतेक समाजांत ठरलेल्या असतात. त्याची समग्र कविता छापली जाते, हस्तलिखिते अभिलेखागारात ठेवली जातात, राहत्या घरावर फलक लागतो आणि त्याच्या नावाने एखादा पुरस्कार सुरू होतो. ज्या कवीचे आयुष्य इतरांना लिहिते करण्यात गेले, त्याच्या बाबतीत मात्र या वाटा अपुऱ्या पडतात. कारण त्याने सुचवलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या पुस्तकात मिसळून गेलेली असते, त्याने दिलेले उत्तेजन खासगी पत्रांत पडून असते आणि त्याने छापलेले नियतकालिक हलक्या कागदामुळे काही दशकांतच पिवळे पडून तुटू लागते. कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला असलेल्या बार्बाडोस बेटावरील कवी, शिक्षक आणि संपादक फ्रँक कॉलिमोर (1893–1980) हे अशा वारशाचे ठळक उदाहरण आहे. इंग्रजी भाषेतील कॅरिबियन साहित्य विसाव्या शतकाच्या मध्यास जगापुढे आले, त्या घडामोडीच्या मुळाशी त्यांचे ‘बिम’ हे छोटे नियतकालिक होते, आणि ते कार्य विस्मरणात जाऊ नये म्हणून गेल्या अर्धशतकात जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहासही त्या कार्याइतकाच बोधप्रद आहे.

बार्बाडोसचे क्षेत्रफळ अवघे 430 चौरस किलोमीटर असून 1940 च्या दशकात तेथे सुमारे दोन लाख लोक राहत होते. 1627 मध्ये इंग्रजांनी वसाहत केल्यापासून 1966 साली स्वातंत्र्य मिळेपर्यंत हे बेट अखंड ब्रिटिश अमलाखाली राहिले. ऊस हे एकमेव मोठे पीक, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची बहुसंख्या आणि मळेवाल्या गोऱ्या कुटुंबांचे वर्चस्व, अशी तेथील समाजरचना होती. जुलै 1937 मध्ये ब्रिजटाउन या राजधानीत कष्टकऱ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतरच्या दशकात कामगार संघटना, राजकीय पक्ष आणि मताधिकाराची चळवळ यांना जोर आला. साहित्याच्या क्षेत्रात मात्र अशी जाग यायची होती. शाळेत शिकवली जाणारी कविता इंग्लंडची होती, पुस्तके लंडनहून येत, आणि बेटावरच्या माणसाने बेटावरच्या जीवनाविषयी लिहिलेले गंभीर साहित्य छापणारे प्रकाशनगृह तेथे नव्हते. लिहिणाऱ्याला वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्याचा आधार असे, किंवा पदरचे पैसे घालून पुस्तिका छापावी लागे.

फ्रँक अॅपलटन कॉलिमोर यांचा जन्म 7 जानेवारी 1893 रोजी सेंट मायकेल परगण्यात झाला. 1903 ते 1910 ही सात वर्षे ते कंबरमिअर या शाळेत शिकले आणि शिक्षण संपताच त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस एका मळेवाल्याने ठेवलेल्या देणगीतून आपला उगम सांगणाऱ्या या शाळेत पुढे मध्यमवर्गातील आणि शिष्यवृत्ती मिळवलेल्या गरीब कृष्णवर्णीय घरांतील हुशार मुले येऊ लागली. भारतीय क्रिकेटरसिकांच्या परिचयाचे फ्रँक वॉरेल याच शाळेचे विद्यार्थी होते. कॉलिमोर यांनी तेथे 1958 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक शिकवले, उपमुख्याध्यापकपदावरून ते निवृत्त झाले आणि त्यानंतरही काही वर्षे गरजेनुसार वर्ग घेत राहिले. शाळेबाहेर ते हौशी रंगभूमीवरील लोकप्रिय नट होते आणि ‘ब्रिजटाउन प्लेअर्स’ या नाट्यसंस्थेच्या प्रयोगांत भूमिका करीत. वर्णभेदाच्या त्या समाजात त्यांची गणना गोऱ्यांत होत असे. त्यामुळे त्यांनी आपल्या घराचे आणि ग्रंथसंग्रहाचे दार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडे ठेवले, या गोष्टीला शिक्षकी सौजन्यापलीकडचा सामाजिक अर्थ होता.

‘बिम’चा जन्म कोणत्याही वाङ्मयीन जाहीरनाम्यातून झाला नाही. ब्रिजटाउनमधील ‘यंग मेन्स प्रोग्रेसिव्ह क्लब’ या तरुणांच्या मंडळाचे एक नियतकालिक असावे, या कल्पनेतून ई. एल. कोझियर यांनी डिसेंबर 1942 मध्ये त्याचा पहिला अंक काढला. बार्बाडोसला आणि तेथील रहिवाशांना प्रेमाने म्हटले जाणारे नावच त्याला देण्यात आले होते. कॉलिमोर आरंभापासून त्यात लिहीत होते. लवकरच संपादनाची धुरा त्यांच्याकडे आणि त्यांचे सहकारी डब्ल्यू. थेरॉल्ड बार्न्स यांच्याकडे आली आणि एका मंडळाच्या मुखपत्राचे रूपांतर साऱ्या इंग्रजीभाषी कॅरिबियन प्रदेशाच्या साहित्यपत्रात झाले. या काळात शेजारच्या वसाहतींतही अशी हालचाल होती. त्रिनिदादमध्ये 1931 ते 1933 या काळात ‘द बीकन’ हे बंडखोर मासिक निघून बंद पडले होते, जमैकात शिल्पकार एडना मॅन्ली यांनी 1943 साली ‘फोकस’ सुरू केले आणि ब्रिटिश गयानात कवी ए. जे. सीमोर यांनी डिसेंबर 1945 मध्ये ‘काइक-ओव्हर-अल’ काढले. ‘फोकस’चे अंक तुरळक निघाले, ‘काइक-ओव्हर-अल’ 28 अंकांनंतर 1961 मध्ये थांबले. ‘बिम’ मात्र एकाच संपादकाच्या चिकाटीवर तीन दशके टिकले आणि त्यांच्यानंतरही चालू राहिले.

ही चिकाटी नेमकी कोणत्या कामात खर्ची पडत होती, हे पाहिले तर संपादकाच्या वारशाचे स्वरूप कळते. अंक साधारणपणे वर्षातून दोनदा निघे. लेखकांना मानधन देण्याची ऐपत नव्हती. छपाईचा खर्च ब्रिजटाउनमधील व्यापाऱ्यांच्या जाहिराती आणि थोडीफार विक्री यांतून भागवावा लागे, आणि जाहिराती गोळा करणे, मुद्रिते तपासणे, अंक खपवणे व पत्रव्यवहार सांभाळणे ही कामे शाळेची नोकरी करून उरलेल्या वेळात संपादकालाच करावी लागत. दुकानांच्या जाहिरातींना लागूनच जमैका, त्रिनिदाद, सेंट लुशिया, गयाना येथील अपरिचित नावांच्या कथा-कविता असत आणि मधूनच कॉलिमोर यांच्या लेखणीतून उतरलेला एखादा विचित्र काल्पनिक प्राणी डोकावत असे. अर्धा पक्षी, अर्धा माणूस वाटावा अशा या गमतीदार रेखाचित्रांना त्यांनी आपल्याच आडनावावरून ‘कॉलीबीस्ट’ असे नाव दिले होते. निवडीची कसोटी लेखनाचा कस हीच होती. कोणत्याही राजकीय पंथाचा अथवा वाङ्मयीन संप्रदायाचा आग्रह तेथे नव्हता. साहित्य नाकारायचे झाले तरी ते केवळ ‘साभार परत’ न करता, काय जमले आणि काय जमले नाही हे सांगणारे पत्र नवख्या लेखकाला लिहिणे, हा कॉलिमोर यांच्या संपादनाचा गाभा होता.

या पद्धतीचे फळ सर्वांत स्पष्टपणे दिसते ते जॉर्ज लॅमिंग यांच्या जडणघडणीत. ब्रिजटाउनलगतच्या कॅरिंग्टन व्हिलेज या गरीब वस्तीत 1927 साली जन्मलेले लॅमिंग शिष्यवृत्ती मिळवून कंबरमिअरमध्ये आले, तेव्हा कॉलिमोर यांनी त्यांना आपल्या घरच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके वाचायला दिली आणि त्यांच्या आरंभीच्या कविता ‘बिम’मध्ये छापल्या. 1946 मध्ये लॅमिंग त्रिनिदादला गेले, ते व्हेनेझुएलाच्या मुलांसाठी पोर्ट ऑफ स्पेन येथे चालणाऱ्या एका निवासी शाळेत शिकवण्यासाठी. ही नोकरी मिळण्यातही कॉलिमोर यांचे साहाय्य होते. तेथे राहून लॅमिंग ‘बिम’चे प्रतिनिधी म्हणून काम करू लागले, त्रिनिदादच्या तरुण लेखकांकडून साहित्य मिळवून बार्बाडोसला पाठवू लागले आणि अशा रीतीने एका शिक्षकाचा विद्यार्थी त्याच्या नियतकालिकाचा दुसऱ्या बेटावरील हात बनला. 1950 मध्ये लॅमिंग आणि त्रिनिदादचे सॅम सेल्व्हॉन एकाच जहाजाने इंग्लंडला गेले. 1953 साली प्रसिद्ध झालेली लॅमिंग यांची ‘इन द कॅसल ऑफ माय स्किन’ ही कादंबरी आज कॅरिबियन साहित्यातील अभिजात कृती मानली जाते, आणि तिच्यातील नायकाला वाचनाची गोडी लावणाऱ्या शिक्षकाच्या पात्रामागे कॉलिमोर आहेत, असे अभ्यासक मानतात.

छापील अंकाची पोच मर्यादित होती; ती वाढवली रेडिओने. जमैकाच्या कवयित्री युना मार्सन यांनी 1943 मध्ये लंडनच्या बीबीसीवर सुरू केलेला ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा कार्यक्रम दर आठवड्याला वेस्ट इंडीजसाठी प्रसारित होत असे. 1946 ते 1954 या काळात त्याचे संपादक असलेले हेन्री स्वान्झी आणि कॉलिमोर यांच्यात नियमित पत्रव्यवहार होता. ‘बिम’मध्ये आलेली कथा रेडिओवर वाचली जाई, रेडिओवर गाजलेली कविता ‘बिम’मध्ये छापली जाई, कॉलिमोर नव्या लेखकांची नावे लंडनला कळवीत आणि कोणत्या होतकरू लेखकाला पैशांची निकड आहे, याचीही चर्चा या पत्रांत होत असे. बीबीसी मानधन देत असल्याने ‘बिम’ जे देऊ शकत नव्हते ते लेखकाला तेथून मिळे, आणि वायुलहरींवर विरून जाणाऱ्या शब्दाला ‘बिम’मुळे छापील आयुष्य लाभे. 1958 मध्ये हा कार्यक्रम बंद होईपर्यंत या दुहेरी व्यवस्थेतून इंग्रजीभाषी कॅरिबियन लेखकांची एक अख्खी पिढी पुढे आली.

डेरेक वॉलकॉट यांच्या उदयातही कॉलिमोर यांचा वाटा आहे. सेंट लुशिया या बेटावरील या तरुणाने वयाच्या अठराव्या वर्षी, शिक्षिका असलेल्या आईकडून पैसे घेऊन, 1948 साली ‘25 पोएम्स’ हा पहिला संग्रह त्रिनिदादमध्ये छापून घेतला. त्याची दुसरी आवृत्ती पुढच्याच वर्षी ब्रिजटाउनमध्ये निघाली आणि 1949 च्या ‘बिम’मध्ये कॉलिमोर यांनी वॉलकॉट यांच्या कवितेची ओळख करून देणारा लेख लिहिला. छप्पन्न वर्षांच्या, स्वतः कवी असलेल्या संपादकाने एकोणीस वर्षांच्या नवागताविषयी विस्ताराने लिहावे आणि त्याची थोरवी मोकळेपणाने मान्य करावी, ही घटना कोणत्याही भाषेच्या साहित्यव्यवहारात दुर्मीळच म्हणावी लागेल. वॉलकॉट यांना 1992 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा कॉलिमोर यांचे निधन होऊन बारा वर्षे झाली होती. त्यांचा निर्णय किती अचूक होता, याची पावती त्यांच्या पश्चात मिळाली.

‘बिम’च्या लेखकांची यादी याहून बरीच लांब आहे. गयानाचे कादंबरीकार एडगर मिटेलहोल्झर यांच्या कथा तेथे सातत्याने येत राहिल्या. बार्बाडोसचे कवी व इतिहासकार एडवर्ड कामाऊ ब्रॅथवेट यांच्या आरंभीच्या कविता तेथेच प्रसिद्ध झाल्या, आणि कॅरिबियन कादंबरीची लय युरोपीय मापदंडांऐवजी कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या आधारे समजून घ्यावी, असे सुचवणारा त्यांचा ‘जॅझ अँड द वेस्ट इंडियन नॉव्हेल’ हा दीर्घ समीक्षालेख 1967–68 मध्ये ‘बिम’मध्येच क्रमशः छापला गेला. म्हणजे कथा-कवितांबरोबर या साहित्याला लागणारी समीक्षेची भाषाही या नियतकालिकात घडत होती. कंबरमिअरचे आणखी एक विद्यार्थी ऑस्टिन क्लार्क 1955 मध्ये कॅनडाला गेले आणि तेथील मान्यवर कादंबरीकार झाले.

कॉलिमोर यांचे स्वतःचे लेखन या धबडग्यात मागे पडले असले तरी ते थोडे नाही. ‘थर्टी पोएम्स’ (1944), ‘बिनीथ द कॅश्युअरिनाज’ (1945) आणि ‘फ्लॉट्सम’ (1948) हे संग्रह, त्यांतील व नंतरच्या कवितांचे 1959 चे संकलन आणि बार्बाडोसच्या पशुपक्ष्यांवरील मिस्कील पद्यांचे 1968 चे पुस्तक, ही त्यांची कवितेची कमाई होय. समुद्र, किनाऱ्यावरची सुरूची झाडे, बेटावरचे संथ जीवन आणि स्वतःकडे थोड्या तिरकसपणे पाहणारा विनोद हे या कवितेचे विशेष आहेत, तर त्यांच्या कथांमध्ये एकाकी, विकृतीच्या सीमेवरील माणसांचे अस्वस्थ करणारे चित्रण आढळते. 1955 साली त्यांनी बार्बाडोसच्या बोलीतील शब्द आणि वाक्प्रचार यांचा छोटा कोश प्रसिद्ध केला. शाळेत अशुद्ध ठरवून खोडली जाणारी बोली नोंदवण्यायोग्य आहे, हे एका इंग्रजीच्या शिक्षकानेच दाखवून दिल्याने या पुस्तिकेला महत्त्व आले. त्याच दिशेचे काम पुढे रिचर्ड ऑलसॉप यांनी साऱ्या प्रदेशासाठी केले आणि त्यांचा कॅरिबियन इंग्रजीचा कोश 1996 मध्ये ऑक्सफर्डने प्रकाशित केला.

सरकारी व विद्यापीठीय सन्मान कॉलिमोर यांना हयातीतच मिळाले. 1958 मध्ये ब्रिटिश सरकारचा ‘ओबीई’ हा किताब आणि 1968 मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाची सन्माननीय एम.ए. ही पदवी त्यांना देण्यात आली. जतनाच्या दृष्टीने मात्र 1973 हे वर्ष अधिक मोलाचे ठरले. त्या वर्षी ब्रॅथवेट यांच्या संपादनाखालील ‘सावाकू’ या नियतकालिकाने कॉलिमोर यांच्या गौरवार्थ जोडअंक काढला, आणि त्याच वर्षी राइनहार्ड झांडर या जर्मन अभ्यासकाने तयार केलेली ‘बिम’च्या 1942 ते 1972 या तीस वर्षांच्या अंकांची सूची त्रिनिदादमध्ये प्रसिद्ध झाली. सूची म्हणजे कोणत्या लेखकाचे काय, कोणत्या अंकात आणि कोणत्या पानावर आले, याची वर्गवार नोंद. गौरवांकाइतके कौतुक सूचीच्या वाट्याला कधी येत नाही. परंतु जुन्या नियतकालिकांचे अंक ग्रंथालयांत असूनही ते उघडले जात नाहीत, याचे कारण बहुधा त्यांत काय आहे हे कोणाला ठाऊक नसते, हेच असते. झांडर यांच्या सूचीमुळे ‘बिम’ हे आठवणींतून बाहेर पडून संशोधनाचे साधन झाले. याच अभ्यासकाने हॅरॉल्ड बॅरट यांच्यासह कॉलिमोर यांच्या कथांचे संपादन केले आणि ‘द मॅन हू लव्हड अटेंडिंग फ्युनरल्स’ या नावाने तो संग्रह 1993 मध्ये, म्हणजे कॉलिमोर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, हाइनमन या संस्थेने प्रकाशित केला. आयुष्यभर इतरांच्या कथा छापणाऱ्या संपादकाच्या कथा पुस्तकरूपाने जगभरच्या वाचकांपुढे येण्यास त्याच्या निधनानंतर तेरा वर्षे जावी लागली.

कागदपत्रांचा प्रश्न याहून बिकट आहे. पत्र हे ज्याला पाठवले त्याच्याकडे जाते. त्यामुळे मार्गदर्शकाने लिहिलेली पत्रे त्याच्या स्वतःच्या घरी क्वचितच सापडतात आणि ती शोधायची तर त्याच्या शिष्यांच्या व मित्रांच्या कागदपत्रांत शोधावी लागतात. कॉलिमोर यांच्या संग्रहातील कागदपत्रे बार्बाडोसच्या शासकीय अभिलेखागारात आहेत. स्वान्झी यांची कागदपत्रे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात, ‘कॅरिबियन व्हॉइसेस’च्या संहिता जमैकातील वेस्ट इंडीज विद्यापीठात आणि इंग्लंडमधील बीबीसीच्या लेखी दस्तऐवजांत, वॉलकॉट यांची कागदपत्रे त्रिनिदाद आणि टोरँटो येथे, तर क्लार्क यांची कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात आहेत. या विभागणीमागे लेखकांचे स्थलांतर आहे तशीच आर्थिक विषमताही आहे, कारण लेखकांचे संग्रह विकत घेण्याची, ते थंड व कोरड्या कोठारांत ठेवण्याची आणि त्यांची वर्णनात्मक यादी करण्याची ताकद मुख्यतः उत्तरेकडील श्रीमंत विद्यापीठांत होती. परिणामी, 430 चौरस किलोमीटरच्या बेटावर राहून काम केलेल्या माणसाचा अभ्यास करण्यासाठी संशोधकाला दोन खंड पालथे घालावे लागतात.

जी कागदपत्रे बेटांवरच राहिली, त्यांच्यापुढे निसर्गाचे संकट कायम उभे असते. खारट दमट हवा, वाळवी आणि दरवर्षी जून ते नोव्हेंबर या काळात येणारी चक्रीवादळे यांच्यापुढे कागद फार काळ तग धरत नाही. सप्टेंबर 1988 मध्ये ‘गिल्बर्ट’ हे चक्रीवादळ जमैकावर आदळले, तेव्हा ब्रॅथवेट यांच्या आयरिश टाउन येथील घरावर दरड कोसळली आणि हस्तलिखिते, पत्रे व ग्रंथ यांचा त्यांनी दशकानुदशके जमवलेला संग्रह चिखल-पाण्यात सापडला. त्यात कॅरिबियन साहित्याच्या इतिहासाची मोठी सामग्री होती. ब्रिजटाउनजवळ ब्लॅक रॉक येथे, पूर्वीच्या कुष्ठरुग्णालयाच्या आवारात असलेल्या बार्बाडोस अभिलेखागाराची एक इमारत जून 2024 मध्ये आगीत भस्मसात झाली आणि शतकांपूर्वीचे दस्तऐवज नष्ट झाले. एकच प्रत, एकाच ठिकाणी, ही जतनाची पद्धत किती धोक्याची आहे, हे या दोन घटनांनी दाखवले. शेजारच्या गयानातील ‘काइक-ओव्हर-अल’ या बाबतीत अधिक सुरक्षित आहे, कारण त्याचे जुने अंक फ्लोरिडा विद्यापीठ आणि कॅरिबियन संस्था यांनी मिळून उभारलेल्या डिजिटल ग्रंथालयात वाचकांना खुले आहेत आणि गयानाची राजधानी जॉर्जटाउन येथील छापील प्रती उद्या नष्ट झाल्या तरी त्यांतला मजकूर उरणार आहे.

बार्बाडोसने कॉलिमोर यांची स्मृती जपण्यासाठी जो मार्ग निवडला, तो काहीसा अनपेक्षित आहे, कारण त्यात पुढाकार देशाच्या मध्यवर्ती बँकेचा आहे. 1986 साली ब्रिजटाउनमध्ये मध्यवर्ती बँकेची नवी वास्तू उभी राहिली, तिच्यात सुमारे 500 आसनांचे एक सुसज्ज सभागृह बांधण्यात आले आणि त्याला ‘फ्रँक कॉलिमोर हॉल’ असे नाव देण्यात आले. कॉलिमोर स्वतः नट असल्याने नाटक-संगीताच्या सभागृहाला त्यांचे नाव शोभून दिसते. परंतु सभागृहात कार्यक्रमाला येणारा प्रेक्षक ते नाव कोणाचे, हे न जाणताही परत जाऊ शकतो, ही अशा सर्वच स्मारकांची मर्यादा आहे. ती मर्यादा ओलांडणारे पाऊल बँकेने 1997 मध्ये उचलले आणि ‘फ्रँक कॉलिमोर लिटररी एंडाउमेंट’ हा कायमनिधी स्थापन केला. कायमनिधी म्हणजे मूळ रक्कम न मोडता तिच्या उत्पन्नातून एखादे काम सतत चालवण्यासाठी बाजूला काढलेला पैसा. या निधीतून बार्बाडोसच्या लेखकांच्या अप्रकाशित हस्तलिखितांना दरवर्षी पुरस्कार दिले जातात.

‘अप्रकाशित’ ही अट या योजनेचा आत्मा आहे. बहुतेक साहित्यपुरस्कार छापून झालेल्या आणि बहुधा आधीच नावाजलेल्या पुस्तकाला मिळतात, म्हणजे ज्याला प्रकाशक मिळाला आहे त्यालाच ते पुन्हा बळ देतात. कॉलिमोर यांचे काम नेमके त्याच्या आधीच्या टप्प्यावर होते. ज्याचे अजून काहीच छापले गेले नाही, त्याचे लेखन जाणकाराने वाचावे आणि त्यावर मत द्यावे, हा तो टप्पा. त्यामुळे या पुरस्काराने संपादकाच्या नावाबरोबर त्याची वाचनाची रीतही पुढच्या पिढीकडे पोहोचवली. या पुरस्काराच्या मानकऱ्यांत कवयित्री एस्थर फिलिप्स यांचा समावेश आहे, आणि त्यांचे पुढील कार्य पाहता हा निर्णय फलदायी ठरला, असे म्हणता येते.

कॉलिमोर यांच्यानंतर ‘बिम’ची जबाबदारी त्यांचे सहकारी व कथाकार जॉन विकहॅम यांनी दीर्घकाळ सांभाळली, तथापि नव्वदच्या दशकात ते बंद पडले. त्याची कारणे केवळ आर्थिक नव्हती. तोपर्यंत कॅरिबियन लेखकांना लंडन, न्यूयॉर्क आणि टोरँटो येथे प्रकाशक मिळू लागले होते, विद्यापीठांच्या स्वतःच्या संशोधनपत्रिका निघत होत्या आणि घरोघर अंक पोहोचवणारा, पत्रोत्तरात रात्री घालवणारा संपादक दुसऱ्यांदा लाभला नाही. 2007 साली वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या केव्ह हिल येथील शाखेच्या सहकार्याने ‘बिम: आर्ट्स फॉर द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी’ या नावाने त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि संपादकपदी एस्थर फिलिप्स आल्या. 2018 मध्ये त्या बार्बाडोसच्या पहिल्या राजकवी झाल्या. कॉलिमोर यांच्या नावाचा पुरस्कार मिळवलेल्या कवयित्रीने त्यांचेच नियतकालिक पुन्हा चालवावे, ही परंपरा एखाद्या संग्रहालयाच्या काचपेटीत राहून निर्माण झाली नसती. पाठोपाठ 2009 मध्ये जमैकाचे कवी व समीक्षक एडवर्ड बॉ यांनी लिहिलेले कॉलिमोर यांचे चरित्र किंग्स्टन येथून प्रसिद्ध झाले, आणि विखुरलेली पत्रे, अंक व समकालीनांच्या साक्षी यांच्या आधारे हा माणूस प्रथमच सलगपणे वाचकांपुढे आला.

या साऱ्या प्रयत्नांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. सभागृहाने नाव टिकवले, सूचीने आणि चरित्राने माहिती टिकवली, कथासंग्रहाने लेखक टिकवला. पण मार्गदर्शक टिकला तो निधीमुळे आणि पुन्हा सुरू झालेल्या नियतकालिकामुळे, कारण या दोन्ही ठिकाणी अनोळखी लेखकाचे लेखन वाचण्याचे काम प्रत्यक्षात चालू राहिले. कॉलिमोर यांनी स्वतः उत्तम कविता लिहिल्या असत्या आणि ‘बिम’ काढले नसते, तर बार्बाडोसला एक चांगला कवी मिळाला असता; त्यांनी ‘बिम’ काढले म्हणून एका प्रदेशाला स्वतःचे साहित्य मिळाले. या हिशेबात त्यांच्या कवितेचे नुकसान झाले असेल, तर तो तोटा त्यांनी समजून-उमजून पत्करला होता.

राहिलेले काम मात्र मोठे आहे आणि ते एका देशाच्या आवाक्यातले नाही. ब्रिजटाउन, बर्मिंगहॅम, किंग्स्टन, टोरँटो आणि हॅमिल्टन येथील कागदपत्रांत पसरलेल्या कॉलिमोर यांच्या पत्रव्यवहाराच्या प्रतिमा एकत्र आणणे, त्यांची सटीप आवृत्ती काढणे आणि तिची प्रत एकाहून अधिक ठिकाणी सुरक्षित ठेवणे, हे त्यांच्या वारशाच्या जतनातील सर्वांत निकडीचे कर्तव्य आहे. कवीची कविता पुस्तकात सापडते, संपादकाचे कर्तृत्व त्याच्या पत्रांत असते, आणि ब्लॅक रॉकच्या आगीनंतर ती पत्रे एकाच इमारतीच्या भरवशावर सोडणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही.